अडकलेले रुपये

मंडळी, रस्त्याकडेचं ते पांढऱ्या फुलांचं गाजर गवत तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हात लावला की खाज सुटते. आमच्या लहानपणी त्याला काँग्रेस गवत म्हणायचे आणि ते अमेरिकेच्या लाल गव्हातून आलं, असं मोठी माणसं सांगायची. वनस्पतिशास्त्रवाल्यांचा त्यावर वाद आहे, तो त्यांना घालू दे. त्याच गव्हाच्या पैशावर एक गोष्ट उलट दिशेने, इथून तिकडे गेली. मराठी पुस्तकं. तिची आठवण मात्र कुणी काढत नाही.

1954 साली अमेरिकेत एक कायदा झाला, पब्लिक लॉ 480. ऑगस्ट 1956 मध्ये भारताने त्याखाली पहिला करार केला. धान्य त्यांचं, किंमत मात्र रुपयांत. डॉलर होते कुठे आपल्याकडे? हे रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हायचे. आणि त्या काळी आपला रुपया देशाबाहेर कोण घेणार! म्हणजे पैसा अमेरिकेचा, पण उडवायचा तर भारतातच. बराचसा आपल्याच सरकारला कर्ज-अनुदान म्हणून परत मिळाला. काहीतून वकिलातीचा खर्च निघाला. आणि तळाला राहिलेली चिल्लर पुस्तकांकडे, अभ्यासकांकडे वळली.

ढीग इतका साचला की फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती 1,664 कोटी रुपयांचा चेक ठेवला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आज तो चेक प्रश्नमंजुषेत विचारतात, बाकी त्याचं कुणाला काही नाही. मला त्या चिल्लरीबद्दल बोलायचंय.

1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊ लागलं, एकेकाच्या अनेक प्रती, तिकडच्या विद्यापीठांत वाटायला. रुपये खर्च तर करायचेच होते, त्यामुळे फार चोखंदळपणा झाला नाही. हे मोठंच भाग्य. चोखंदळ माणसाने फक्त नावाजलेली पुस्तकं उचलली असती. इथे वाळवीने खाल्लेलं एखादं मराठी पुस्तक तिकडच्या कपाटात धडधाकट उभं असतं, कार्डावर 'पीएल 480' अशी खूण मिरवत. गव्हाच्या पोत्यावरचाच आकडा तो.

माणसांचंही तसंच झालं. 1961 साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था निघाली आणि सुरुवातीला तिचा मुक्काम पुण्यात, डेक्कन कॉलेजात होता. या संस्थेलाही त्या रुपयांचा आधार होता. रुपयांत मिळालेली शिष्यवृत्ती रुपयांतच संपवावी लागते. म्हणजे इथे खोली घ्या, इथली खानावळ लावा, भाजीवाल्याशी हुज्जत घाला. मी स्वतः पुढे काही वर्षं अशा परदेशी मुलांना तासावर मराठी शिकवत असे. एक मुलगा होता, व्याकरणात पक्का. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा, हे मात्र त्याला ऐकूच येईना. मी जिभेची चित्रं काढली, काही उपयोग झाला नाही. त्याच्या घरमालकीणबाईंनी एका सकाळी साखर घातलेला कप समोर ठेवला, चमचा मागे लपवला आणि सांगितलं, "नीट मागशील तेव्हा मिळेल." तीन दिवस बिचारा साखर न ढवळता चहा प्यायला. चौथ्या दिवशी च आला. हा खर्च कुठल्या अनुदानाच्या कुठल्या सदरात दाखवायचा?

आता एक कडू भाग. 1967 मध्ये एशिया फाउंडेशन या अमेरिकन संस्थेला सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, पैसा होता हे उघड झालं आणि पुढच्या वर्षी तिने भारतातून गाशा गुंडाळला. त्यानंतर प्रत्येक परदेशी अभ्यासकाकडे लोक तिरक्या नजरेने पाहू लागले. संशय अगदीच खुळा नव्हता. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतोच असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की रक्कम लहान असली की घेणारा देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. शे-दोनशे रुपयांत कुणाचं मत विकत मिळत नाही, फार तर खोलीचं भाडं भागतं.

अमेरिकेत जन्मलेल्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांचंच बघा. 1963 साली त्या फुलब्राइट या अमेरिकन शिष्यवृत्ती योजनेतून इंग्रजीची शिकवणी करायला भारतात आल्या, वय बाविशीच्या आसपास. त्याआधी 1950 मध्ये नेहरू सरकारने अमेरिकेशी जो करार केला होता, त्यातली ही एक अगदी छोटी नेमणूक, काही महिन्यांची. मार्च 1964 मध्ये कुणी अहवाल लिहिला असता तर त्यात काय आलं असतं? 'इंग्रजी शिकवलं.' पुढे त्या परत आल्या, सत्यशोधक चळवळीवर संशोधन केलं, 1983 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि 2021 मध्ये कासेगावात वारल्या. अमेरिकेच्या धोरणावर त्यांनी आयुष्यभर सडकून टीका केली, हा हिशेब त्या करारात कुणी धरला नसेल.

2008 साली तो करार नव्याने झाला, भारताने बरोबरीचा खर्च उचलायचं मान्य केलं आणि शिष्यवृत्तीच्या नावात फुलब्राइटच्या शेजारी नेहरू आले. हे मला फार आवडतं. एकाच बाजूने पैसा आला की उपकाराचा वास येतो.

मध्यंतरी आमच्या वाचनालयालाही एका वकिलातीकडून असंच छोटं अनुदान मिळालं, दोन्ही भाषांतल्या कवितांच्या वाचनासाठी. कार्यक्रम झकास झाला. नंतर आला फॉर्म. लाभार्थी किती, त्यांच्या दृष्टिकोनात कार्यक्रमाआधी आणि नंतर किती टक्के बदल झाला, सहा आठवड्यांत कळवा. आमचे चिटणीस दोन दिवस डोकं धरून बसले होते. शेवटी टक्क्यांचा रकाना कोरा सोडला आणि लाभार्थ्यांपुढे 34 लिहिलं. खुर्च्या तेवढ्याच होत्या.