टेस्टला हा माणूस नाही का म्हणतो?

नमस्कार मंडळी, आज विषय असा आहे की चार माणसांत रेडिओ लावला असेल तर कुणीतरी आवाज कमी करेल. नका करू, ऐका. कामासाठी घरापासून लांब गेलेले कामगार एचआयव्हीच्या टेस्टला तयार का होत नाहीत, यावर बोलायचंय.

लोक पटकन म्हणून टाकतात की यांना माहितीच नसते, लावा पोस्टर. माहिती कमी असते हे खरंय, पण मला विचाराल तर तो माणूस हिशेब करत असतो आणि त्याचा हिशेब तसा चुकीचा पण नसतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कुणाकुणाला कळणार, ठेकेदाराला कळलं तर काम गेलं, खोलीवरच्या पोरांना कळलं तर राहायची जागा गेली, घरी कळलं तर विचारूच नका. त्यात दवाखाना उघडा असतो नेमका ड्युटीच्या वेळेत, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि तब्येत तर ठणठणीत आहे, मग कशाला? इथेच घोळ आहे, कारण हा व्हायरस कितीतरी वर्षं काही जाणवू देत नाही आणि आतून प्रतिकारशक्ती पोखरत राहतो.

परदेशात कामाला जाणाऱ्यांचं तर अजून अवघड. काही देशांत वर्क परमिटसाठी ही टेस्ट सक्तीची आहे, पॉझिटिव्ह आलात तर परवाना नाही, तिथे राहत असाल तर परत पाठवणी. आता ज्याने टेस्ट म्हणजे हाकलायचं हत्यार हेच पाहिलंय तो आपल्या पायाने कशाला येईल? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० ची शिफारस क्रमांक २०० आहे, त्यात सरळ लिहिलंय की टेस्ट मर्जीनेच झाली पाहिजे, स्थलांतरित कामगारांवर किंवा नोकरी शोधणाऱ्यांवर तिची सक्ती नको. पण शिफारस ती शिफारसच हो, ती पाळायचं बंधन थोडंच आहे.

म्हणून मालकाने साइटवर भरवलेला कॅम्प मला फारसा पटत नाही. हेतू चांगला असेल, पण सुपरवायझर समोर उभा आणि यादीत नावावर टिक, याला मर्जी कसं म्हणायचं? त्यापेक्षा संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी, कामगाराच्या भाषेत बोलणारा काउन्सेलर, आणि बीपी, शुगरच्या तपासणीसोबतच ही टेस्ट, म्हणजे कोण कशासाठी आलंय ते रांगेतल्याला कळतच नाही. सेल्फ-टेस्ट किटचा पण पर्याय आहे, जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून त्याची शिफारस करतेय, फक्त त्यात पॉझिटिव्ह दिसलं तर तपासणी केंद्रावर जाऊन खात्री करावीच लागते.

टेस्ट म्हणाल तर किरकोळ आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात, अर्ध्या तासात रिझल्ट मिळतो. एक मात्र लक्षात ठेवा, लागण झाल्या झाल्या ती दिसत नाही, अशा रॅपिड टेस्टला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे धोका कालपरवाचा असेल तर आजच्या निगेटिव्हवर बिनधास्त होऊ नका. उलट ७२ तासांच्या आत असाल तर डॉक्टरांना लगेच गाठा, लागण टाळायची औषधं तेव्हाच सुरू करता येतात.

आणि पॉझिटिव्ह आलं तर? गोळ्या रोज घ्यायच्या, बहुतेकांना दिवसाला एकच पुरते, काम पूर्वीसारखंच करता येतं. रक्तातला व्हायरस मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. हे कामगारापर्यंत पोचतच नाही राव, त्याच्या डोक्यात अजून एड्स म्हणजे मरण हेच बसलंय.

आता एक कामाची गोष्ट, गोळ्या चालू असताना साइट बदलणाऱ्यांसाठी. निघायच्या आधी, गोळ्या मिळतात त्या केंद्रावर सांगा की मी चाललोय, ट्रान्सफरचं पत्र घ्या, पुढे नवीन केंद्र सापडेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या, आणि उपचाराच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये लॉक लावून ठेवा. गोळ्या मध्येच तुटल्या तर व्हायरस पुन्हा वाढतो, आणि डोस सारखे चुकत राहिले तर तेच औषध पुढे लागू पडेनासं होऊ शकतं, त्यामुळे गाडीचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात केंद्रावर पण एक चक्कर मारा.