दहाव्या मजल्यावरची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

२७ ऑक्टोबर १९७१. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहरात जॉन व्होर्स्टर स्क्वेअर नावाचं पोलीस मुख्यालय होतं. त्याच्या दहाव्या मजल्यावर सुरक्षा पोलिसांच्या खोल्या होत्या. अहमद तिमोल हा एकोणतीस वर्षांचा शिक्षक पाच दिवसांपासून त्यांच्या ताब्यात होता. त्या दिवशी तो वरून खाली पडला आणि मरण पावला. पोलिसांनी सांगितलं, त्याने खिडकीतून उडी मारली. पुढच्या वर्षी मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली आणि मॅजिस्ट्रेटनेही तेच लिहिलं, आत्महत्या. फाइल बंद झाली.

१९९४ साली ती वर्णद्वेषी राजवट गेली. नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले. सत्य आणि सलोखा आयोग बसला आणि १९९६ साली अहमदच्या आईने त्या आयोगापुढे येऊन आपल्या मुलाबद्दल सांगितलं. मुलाचं नेमकं काय झालं, एवढंच तिला हवं होतं. पण त्याच्या मृत्यूचा मूळ निर्णय कागदावर तसाच राहिला. कुटुंबाने चिकाटी सोडली नाही, म्हणून २०१७ साली ती चौकशी पुन्हा उघडली. १९७१च्या शवविच्छेदनाचे कागद नव्याने तपासले गेले. तज्ज्ञांनी साक्ष दिली, की त्याच्या शरीरावरच्या काही जखमा पडण्याच्या आधीच्या आहेत. त्याच्याबरोबर पकडला गेलेला मित्र आता म्हातारा झाला होता. कोठडीत काय सोसलं ते त्याने सांगितलं. ऑक्टोबर २०१७मध्ये न्यायमूर्ती बिली मोथले यांनी निर्णय दिला. ती आत्महत्या नव्हती, तो खून होता.

सेहेचाळीस वर्षं. आणि त्यातली तेवीस वर्षं नव्या, लोकांनी निवडून दिलेल्या राजवटीतली. मला तो दुसरा आकडा जास्त टोचतो.

आज मला तुमच्याशी याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सरकार बदलतं. आधीच्या सरकारने ज्यांना डांबून ठेवलं, मारहाण केली, ज्यांचा कोठडीत जीव गेला, त्यांची चौकशी नव्या सरकारने करावी का? मी सुरुवातीलाच सांगून टाकते, करावी. कशी करावी याबद्दल मात्र मला बरंच म्हणायचं आहे, कारण चुकीच्या पद्धतीने केलेल्या चौकशीने अनेकदा कैद्यांचंच नुकसान झालं आहे.

चौकशीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, “जुनी मढी कशाला उकरता?” आपल्या भाषेतला हा वाक्प्रचार अर्जेंटिनात अक्षरशः खरा झाला. तिथे १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. माणसं रस्त्यातून, घरातून उचलली जात आणि परत येत नसत. डिसेंबर १९८३मध्ये लोकांनी निवडून दिलेले राउल अल्फोन्सिन अध्यक्षपदावर आले आणि काही दिवसांतच त्यांनी बेपत्ता माणसांचा शोध घेणारा राष्ट्रीय आयोग नेमला. अध्यक्ष होते लेखक एर्नेस्तो साबातो. आयोगाने सप्टेंबर १९८४मध्ये अहवाल दिला. त्यात ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद होती आणि सुमारे ३४० गुप्त छळकेंद्रांची यादी होती.

त्याच वर्षी काही विद्यार्थी क्लाइड स्नो या अमेरिकी तज्ज्ञाच्या हाताखाली निनावी कबरी उकरायला शिकले. खोऱ्याने नव्हे, ब्रशने, एकेक हाड जपत. १९८५ साली लष्करशहांवर खटला चालला तेव्हा स्नो न्यायालयात उभे राहिले आणि एका तरुणीच्या सांगाड्याची चित्रं दाखवून त्यांनी सांगितलं, की हिच्या डोक्यात जवळून गोळी झाडली आहे आणि मरण्याआधी ही बाळंत झाली होती. ती पकडली गेली तेव्हा गरोदर होती. मढं उकरल्याशिवाय हे कळलं असतं का? त्या बाळाला कोणी शोधायला निघालं असतं का? ज्यांना मढी पुरलेलीच राहावीत असं वाटतं, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

त्या खटल्यात नऊ जण आरोपी होते. हॉर्हे व्हिदेला आणि एमिलिओ मासेरा यांना जन्मठेप झाली, चौघे सुटले. पुढे लष्कराचा दबाव वाढला, बंडाळ्याही झाल्या. अल्फोन्सिन सरकारला आणखी खटले थांबवणारे कायदे करावे लागले आणि नंतरच्या अध्यक्षांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. पण आयोगाने गोळा केलेल्या साक्षी कागदावर होत्या. ते कायदे २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले तेव्हा तेच कागद पुन्हा कामाला आले. व्हिदेला २०१३ साली तुरुंगातच मेला.

दुसरा आक्षेप सूडाचा. हा मी हलक्यात घेत नाही. आपल्याच देशाचा अनुभव समोर आहे. जून १९७५ ते मार्च १९७७च्या आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं आत गेली. हे आकडे शाह आयोगाचे आहेत. जनता सरकारने मे १९७७मध्ये माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह यांचा आयोग नेमला. उघड सुनावण्या झाल्या, मोठमोठ्या अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरं द्यावी लागली. कोणाला का पकडलं, याची कारणं कित्येकदा माणूस आत गेल्यावर लिहिली गेली, हे बाहेर आलं. हे काम मोलाचं होतं.

पण आयोगाचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर १९७७मध्ये, सरकारने घाईघाईने इंदिरा गांधींना अटक केली. तीही वेगळ्याच प्रकरणात. दुसऱ्याच दिवशी मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडून दिलं. मिसाबंद्यांचे हाल बाजूला पडले आणि गोष्ट दोन पक्षांच्या भांडणाची झाली. इंदिरा गांधींनी आयोगापुढे शपथेवर साक्ष द्यायला नकार दिला. १९७८ साली तीन भागांत अहवाल आला, १९७९ साली विशेष न्यायालयांचा कायदा झाला, आणि जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी निवडून आल्या. खटले बारगळले. अहवालाच्या प्रती इतक्या दुर्मीळ झाल्या, की माजी खासदार एरा सेझियन यांनी २०१० साली तो पुन्हा छापून काढला. ज्यांनी तुरुंगात दिवस काढले त्यांच्या साक्षीचा कागद तीस वर्षं दिसेनासा होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आता माझं म्हणणं मांडते. सरकार हे बिऱ्हाड आहे. ते येतं आणि जातं. कोठडी मात्र घराची, म्हणजे राज्यसंस्थेची आहे. आत टाकलेल्या माणसाला पक्षाने नव्हे, राज्याने आपल्या ताब्यात घेतलेलं असतं. त्याच्या जिवाची जबाबदारी त्या क्षणापासून राज्याची असते आणि निवडणुकीच्या निकालाने ती संपत नाही. नवं सरकार तिजोरी ताब्यात घेतं तेव्हा जुनं कर्जही घेतं. मागच्यांनी काढलं होतं म्हणून आम्ही फेडणार नाही, असं म्हणता येत नाही. हेही तसंच देणं आहे.

आंतरराष्ट्रीय कायदाही हेच सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा १९८४चा छळविरोधी करार आहे. छळ झाल्याचं मानायला वाजवी कारण असेल तिथे तत्काळ आणि निःपक्षपाती चौकशी झालीच पाहिजे, असं त्याचं बारावं कलम म्हणतं. त्यात ‘मागचं सरकार’ आणि ‘आताचं सरकार’ असा भेद नाही. युद्ध, अंतर्गत अस्थिरता, वरिष्ठांचा हुकूम, यातली कुठलीच सबब करार मान्य करत नाही. भारताने १९९७ साली त्यावर सही केली. त्याला मान्यता देऊन तो बंधनकारक करून घेणं मात्र अजून व्हायचं आहे.

आता अमेरिकेकडे वळू. २००९च्या जानेवारीत बराक ओबामा अध्यक्ष झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी क्रूर चौकशीपद्धती बंद करण्याचा आदेश काढला. ते चांगलं केलं. पण आधीच्या सरकारच्या काळात कैद्यांच्या चौकशीत जे झालं त्याबद्दल त्यांची भूमिका होती, की मागे पाहण्यापेक्षा पुढे पाहू. एका सरकारी वकिलाने कैद्यांच्या प्रकरणांची छाननी केली, पण ऑगस्ट २०१२पर्यंत ती एकाही आरोपपत्राविना संपली. सीआयएने चौकशीच्या चित्रफिती २००५ सालीच नष्ट केल्या होत्या, त्या तर परत येणार नव्हत्याच. डिसेंबर २०१४मध्ये सीआयएच्या या चौकशीपद्धतींवरच्या सिनेट समितीच्या अहवालाचा फक्त सारांश प्रसिद्ध झाला. त्यात ११९ कैद्यांची नोंद आहे आणि त्यातल्या निदान २६ जणांना पकडायलाच नको होतं, असं म्हटलं आहे. पूर्ण अहवाल ६,७००हून जास्त पानांचा आहे आणि तो आजही गोपनीय आहे.

पुढे पाहू, हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं. पण ज्याला झोपू दिलं नाही, ज्याला पाण्यात गुदमरवलं, त्याला पुढे पाहता येतं का? तो रात्री तिथेच परत जातो. पुढे पाहण्याची सोय फक्त ज्यांनी भोगलं नाही त्यांना असते.

इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाची छायाचित्रं २००४ साली जगाने पाहिली. शिक्षा झाली ती छायाचित्रांत दिसणाऱ्या खालच्या सैनिकांना. अशा पद्धती कायदेशीर ठरवणारी टिपणं ज्यांनी वातानुकूलित खोल्यांत बसून लिहिली, त्यांच्यापर्यंत खटला पोहोचलाच नाही. हुकूम कुठून निघाला याचा माग चौकशीने वरपर्यंत काढायला हवा. ग्रीसने हे काही प्रमाणात करून दाखवलं. तिथली लष्करी राजवट जुलै १९७४मध्ये कोसळली आणि साधारण वर्षभरात, ऑगस्ट १९७५मध्ये, अथेन्समध्ये लष्करी पोलिसांच्या छळाचा खटला उभा राहिला. पिंजऱ्यात साधे शिपाई होते, तसेच अधिकारीही होते.

वर्षभरात. हा वेग महत्त्वाचा आहे. वळ आठ-पंधरा दिवसांत जातात. कोठडीची नोंदवही, ठाण्याची डायरी, तुरुंगातल्या डॉक्टरचा कागद, हे सगळं वाळवी लागायच्या आधी माणसंच नाहीसं करतात. म्हणून नव्या सरकारने शपथविधीनंतर पहिलं काम करावं ते मोहोर लावण्याचं. कोणत्याही मंत्र्याच्या भाषणाआधी, कोणावरही आरोप करण्याआधी, सगळ्या नोंदी ताब्यात घ्याव्यात आणि त्यांची जबाबदारी न्यायालयावर सोपवावी. आयोग नंतर नेमला तरी चालेल.

दुसरं, चौकशी सरकारने स्वतः करू नये. तिला पैसे द्यावेत, समन्स काढायचे अधिकार द्यावेत आणि बाजूला व्हावं. केरळातलं राजनचं प्रकरण आठवा. हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १ मार्च १९७६ला पोलिसांनी त्याला उचललं, कक्कयमच्या पोलीस छावणीत नेलं आणि तो परत आला नाही. त्याच्या वडिलांनी, टी. व्ही. ईचर वारियर यांनी, आणीबाणी संपल्याबरोबर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका केली. माझा मुलगा समोर आणा, एवढीच मागणी. राजनला पकडलंच नव्हतं, असा सरकारचा दावा न्यायालयात टिकला नाही आणि एप्रिल १९७७मध्ये मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. केरळात तेव्हा सत्ताधारी आघाडी बदललीही नव्हती. एका बापाने स्वतंत्र न्यायालयाचं दार ठोठावलं, म्हणून खरं बाहेर आलं. राजनचा देह मात्र आजवर सापडलेला नाही.

आणि तिसरं, ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. चौकशीत तपासायचा काळ आधीच्या सरकारच्या शेवटच्या दिवशी संपू नये. तो आजच्या दिवसापर्यंत असावा. नव्या सरकारच्या कोठडीत काल रात्री काय झालं, हेही त्याच आयोगाने विचारावं. कारण पोलीस तेच असतात, खोल्या त्याच असतात, सवयीही त्याच असतात. जे सरकार स्वतःला या चौकशीतून वगळतं, त्याला कैद्यांची काळजी आहे यावर मी विश्वास ठेवणार नाही.

माफीबद्दल विचाराल तर माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेने सौदा केला, की सगळं खरं सांगा आणि खटल्यातून सुटा. त्यातून कित्येक कुटुंबांना निदान जागा कळली, तारीख कळली. पण सात हजारांवर अर्जांपैकी माफी मिळाली ती ८४९ जणांना. उरलेल्यांवर खटले चालायला हवे होते, ते फारच थोडे चालले. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या कोठडीतल्या मृत्यूशी संबंधित पोलिसांची माफी १९९९ साली नाकारली गेली, आणि तरीही खटला उभा राहिला नाही. सौदा केलाच, तर दोन्ही बाजूंनी पाळला पाहिजे. चिलीने २००४ साली हजारो माणसांच्या छळाच्या साक्षी घेतल्या आणि त्या साक्षी पन्नास वर्षं बंद ठेवायचा कायदा केला. साक्ष देणाऱ्याची ओळख जपायला हवी, हे मान्य. पण त्या कुलपाआड छळ करणाऱ्यांची नावंही सुरक्षित राहिली.

अहमद तिमोलच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, ते सांगते. तो पडला तेव्हा खोलीत आपणच होतो, असं सांगणारा पोलीस जोआओ रोड्रिग्ज २०१८ साली खुनाचा आरोपी झाला. तोवर तो ऐंशीच्या जवळ पोहोचला होता. इतका उशीर झाला आहे, आता खटला चालवू नका, असा त्याचा अर्ज होता. तो अर्ज न्यायालयांनी फेटाळला. सप्टेंबर २०२१मध्ये, खटला सुरू होण्याआधीच, रोड्रिग्ज मेला. अहमदची आई तर २०१७चा निर्णय ऐकायलाही हयात नव्हती.

नमस्कार.