दोन कप्प्यांच्या फटीत राहून गेलेले सिनेमे

नमस्कार. भयपट आणि युद्धपट यांची मोट एकाच व्याख्यानात का बांधली, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. उत्तरासाठी मी थेट १९१९ सालात जातो.

आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘झाक्यूझ’ हा मूकपट त्या वर्षी आला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सिनेमाच्या शेवटाकडे रणांगणात मरून पडलेले सैनिक उठतात आणि आपापल्या गावाकडे चालू लागतात. आमच्या मरणाचं तुम्ही मागे काय केलंत, हे त्यांना गावकऱ्यांना विचारायचं असतं. हे दृश्य युद्ध चालू असतानाच चित्रित झालं, आणि त्यासाठी गान्सने आघाडीवरून रजेवर आलेले खरे सैनिक उभे केले होते. चित्रीकरण झालं, रजा संपली, ते परत आघाडीवर गेले आणि त्यांतले पुष्कळजण खरोखरच मारले गेले. आता हा युद्धपट म्हणायचा की भयपट? मला विचाराल तर इथे दोन्ही प्रकार एकाच पोटी जन्मलेले दिसतात. पुढे धंद्याच्या सोयीसाठी त्यांचे दोन कप्पे झाले. एका कप्प्यात पराक्रम, झेंडे आणि रणगाडे. दुसऱ्यात भुतं, पडके वाडे आणि किंकाळ्या. जे सिनेमे या दोन्हींच्या मधे पडले, ते कुणाचेच राहिले नाहीत. युद्धपट बघणाऱ्याला त्यात विजय सापडला नाही, भयपट बघणाऱ्याला दर दहा मिनिटांनी दचकायला मिळालं नाही. थिएटरवाल्यांनी पोस्टरवर काय छापायचं हाच पेच होता.

हे सिनेमे घरी बघायचे आहेत. घर ही त्यांच्यासाठी दुय्यम जागा आहे असं मी मानत नाही. थिएटरात शेजारचा हसला की भीती पातळ होते. घरी तसं कुणी सोडवायला येत नाही. शिवाय यांतले काही सिनेमे घराबद्दलच आहेत, त्याकडे मी येतोच.

आधी जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा १९५९ चा ‘फायर्स ऑन द प्लेन’. शोहेई ओओका हे फिलिपाइन्समध्ये युद्धकैदी झालेले जपानी लेखक, त्यांच्या कादंबरीवरचा. दुसरं महायुद्ध संपत आलंय, फिलिपाइन्समधल्या लेयते बेटावर जपानी सैन्याची वाताहत झाली आहे. तामुरा नावाच्या सैनिकाला क्षय झालाय. तुकडी त्याला ठेवून घेत नाही, कारण तो काम करू शकत नाही. इस्पितळ घेत नाही, कारण तो चालू शकतो. वरिष्ठ सांगतो, पुन्हा इस्पितळात जा, आणि तिथेही घेतलं नाही तर जवळचा हातबॉम्ब आहेच. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत उरकतं आणि त्यानंतर सिनेमा त्या माणसाच्या मागे चालत राहतो.

त्यातलं एक दृश्य सांगतो. पाऊस पडतोय. चिखलाच्या वाटेवर बुटांचा एक टाकलेला जोड पडलाय. एक सैनिक येतो, थांबतो, स्वतःचे बूट काढून ठेवतो, ते घालून पुढे जातो. दुसरा येतो, पहिल्याने टाकलेले बूट त्याला स्वतःच्यापेक्षा बरे वाटतात, तो ते घालतो आणि आपले ठेवून जातो. असं करत तामुरापर्यंत जो जोड उरतो त्याला तळच नाही. तो बूट उचलून पाहतो, आपल्या पायांकडे पाहतो आणि अनवाणी निघतो. कुणी एक शब्द बोलत नाही. सैन्य म्हणून जे काही होतं ते संपलं, हे सांगायला इचिकावांना एवढं पुरतं. याच सिनेमात पुढे उपाशी माणसं एकमेकांकडे मांस म्हणून बघू लागतात, आणि तिथे जी भीती वाटते तशी मला कुठल्याही पिशाच्चपटात वाटलेली नाही. ‘माकडाचं मांस’ हे दोन शब्द सिनेमात कधी आणि कसे येतात, त्याकडे कान द्या.

जपानमध्येच थांबू. कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’, १९६४. चौदाव्या शतकातली यादवी. पुरुष लढाईला गेलेत, आणि माणसापेक्षा उंच वाढलेल्या गवतात एक बाई आणि तिची सून राहतात. वाट चुकलेल्या, जखमी सामुरायांना त्या मारतात, चिलखत आणि हत्यारं काढून घेतात, प्रेतं एका खोल खड्ड्यात ढकलतात आणि तो ऐवज धान्याच्या बदल्यात विकतात. बस, युद्ध एवढंच दिसतं. लढाई कुठेतरी लांब आहे, इथे फक्त तिचा गाळ वाहत येतो. पुढे एक राक्षसी मुखवटा येतो आणि सिनेमा उघड भयपट होतो. शिंदो हिरोशिमाचे. मुखवट्याखालून निघणारा होरपळलेला चेहरा त्यांनी अणुबॉम्बमध्ये भाजलेल्या माणसांवरून बेतला होता. हे कळल्यावर चौदाव्या शतकाची गोष्ट एकदम विसाव्यात येऊन उभी राहते. आणि ते गवत! सबंध सिनेमाभर ते हलत असतं, दिवसा आणि रात्री, आणि त्याचा आवाज थांबत नाही. आपल्या ‘लपाछपी’त उसाच्या फडाने केलेलं काम ज्यांना आवडलं, त्यांनी ‘ओनिबाबा’ नक्की बघावा. चारही बाजूंनी उघडी जमीन असूनही माणूस कोंडला कसा जातो, हे दोन्हीकडे दिसतं.

आता घराबद्दलचे सिनेमे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

बॉब क्लार्क यांचा ‘डेथड्रीम’ १९७४ साली आला. शोधताना ‘डेड ऑफ नाइट’ या नावानेही सापडेल. अमेरिकेचं व्हिएतनाम प्रकरण तेव्हा पुरतं मिटलं नव्हतं, सायगाव पुढच्या वर्षी पडलं. एका कुटुंबाला मुलगा लढाईत गेल्याची बातमी येते. आई ती मानतच नाही. आणि त्याच रात्री मुलगा, अँडी, दारात उभा राहतो. आनंदाच्या भरात घरचे सांगतात की तू मेल्याचं कळवलं होतं रे आम्हाला, त्यावर तो म्हणतो, मेलोच होतो. सगळे हसतात. तो हसतो ते मात्र एक क्षण उशिरा. त्यानंतर तो आपल्या खोलीत झुलत्या खुर्चीत बसून राहतो आणि त्या खुर्चीची करकर घरभर ऐकू येते. पैसे कमी होते, ते काही ठिकाणी दिसतं, उत्तरार्धातला मेकअप आज कुणाला जाडाभरडा वाटेल. पण आईबापाचं काम जॉन मार्ली आणि लिन कार्लिन यांनी केलंय, आणि जेवणाच्या टेबलावरचं त्यांचं भांडण बघताना आपण भयपट बघतोय हे विसरायला होतं. युद्धावरून परतलेला मुलगा बोलत नाही, चिडतो, कुणाला भेटत नाही. बाप म्हणतो याला डॉक्टरकडे नेऊ, आई म्हणते काही झालेलं नाही त्याला. हे त्या काळात किती घरांत घडत असेल! त्या मुलाला रक्त लागतं, हा फक्त पुढचा भाग आहे.

दुसरा, ‘अंडर द शॅडो’, २०१६, दिग्दर्शक बाबक अन्वरी. इराण-इराक युद्धातलं तेहरान, शहरावर क्षेपणास्त्रं पडताहेत. शिदेह नावाच्या तरुण आईला पूर्वीच्या राजकीय सहभागामुळे वैद्यकीय शिक्षण पुढे चालू ठेवायला मनाई झालीय. नवरा डॉक्टर, त्याला आघाडीवर बोलावलंय. ती आणि तिची लहान मुलगी दोरसा फ्लॅटमध्ये राहतात. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आहेत, सायरन झाला की सगळी इमारत तळघरात उतरते. एक क्षेपणास्त्र छतातून वरच्या मजल्यावर घुसतं आणि फुटत नाही. खालच्या छताला तडा जातो. शिदेह तो तडा चिकटपट्टीने बुजवते. यानंतर घरात जे काही शिरतं त्याला शेजारपाजारचे जिन म्हणतात, मुलीची बाहुली नाहीशी होते, आणि एकेक कुटुंब शहर सोडून जाऊ लागल्यावर इमारत रिकामी होत जाते.

मला या सिनेमात सर्वांत भारी वाटतं ते असं. एका रात्री घाबरलेली शिदेह मुलीला उचलून तशीच रस्त्यावर पळते. डोक्यावर काही घ्यायचं भान तिला नसतं. आणि तिला पकडतात ते गस्तीवाले. घरात जिन, आकाशात क्षेपणास्त्र आणि रस्त्यावर कायदा. पळून जायला जागा कुठे आहे? ज्यांना हा प्रसंग नुसता मधला वाटतो, त्यांनी सिनेमा पुन्हा पाहावा, कारण दिग्दर्शकाने सगळी भीती इथे एका रेषेत आणून ठेवलीय. हा सिनेमा फार लांब नाही, दीड तासाच्या आत संपतो. पहिली तीसेक मिनिटं भूत नाही म्हणून पुढे सरकवू नका. ती तीस मिनिटं नसतील तर तडा म्हणजे नुसता तडा राहील.

याच्याबरोबर ग्येर्मो देल तोरो यांचा २००१ चा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ बघता येईल. स्पेनच्या यादवीचा शेवट, एक अनाथाश्रम, अंगणाच्या मधोमध जमिनीत रुतलेला न फुटलेला बॉम्ब. त्याच दिग्दर्शकाचा २००६ मधला ‘पॅन्स लॅबिरिंथ’ इतका गाजला की हा मागे पडला. मला हाच जास्त आवडतो. दक्षिण कोरियाचा ‘आर-पॉइंट’ (२००४) साध्या घडणीचा आहे: व्हिएतनाममध्ये हरवलेल्या तुकडीकडून रेडिओवर हाका येत राहतात आणि दुसरी तुकडी शोधाला जाते. मधे रेंगाळतो. पण त्यातली पडकी हवेली खरी आहे, कंबोडियातल्या बोकोर टेकडीवरचं, तेव्हा ओसाड पडलेलं हॉटेल, आणि तेवढ्यासाठीही तो बघण्यासारखा आहे.

भूत अजिबात नको असणाऱ्यांसाठी आता सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को. ‘द असेंट’, १९७७. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, दोनच वर्षांनी शेपित्को मोटार अपघातात गेल्या. त्यांचे पती एलेम क्लिमोव्ह यांचा ‘कम अँड सी’ (१९८५) आज बऱ्याच जणांना ठाऊक असतो, याद्यांमध्ये असतो. ‘द असेंट’चं नाव मात्र काढावं लागतं, हे मला खटकतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेलारूसमधले दोन छापामार, सोतनिकोव्ह आणि रिबाक, बर्फात अन्न शोधायला निघतात आणि पकडले जातात. पकडले जाण्याआधी सोतनिकोव्हला गोळी लागते, आणि रिबाक त्याला बर्फातून फरपटत नेतो. कॅमेरा बर्फाला टेकलेला, दोघांचे श्वास, कापडाची खसखस, आणखी काही नाही. तोच रिबाक पुढे काय करतो, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की या दृश्यात तो मित्राला वाचवण्यासाठी जिवाचं रान करतो, हे विसरू नका. त्याला नावं ठेवणं सोपं जाऊ नये म्हणूनच शेपित्कोंनी हे दृश्य इतकं लांबवलंय.

बघण्याबद्दल थोडं. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग बहुतेक वेळा आधीपासून चालू असते. टीव्ही मधल्या मधे नसलेल्या चौकटी बनवून घालतो आणि सेकंदाला चोवीस चौकटींचा सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. ती बंद करा. ‘फायर्स ऑन द प्लेन’ रुंद पडद्यासाठी चित्रित झालाय, वरखाली काळ्या पट्ट्या दिसतील. त्या घालवण्यासाठी चित्र मोठं केलंत तर दोन्ही कडा कापल्या जातील, आणि इचिकावा माणसांना नेमके कडेला ठेवतात. आवाज मूळ भाषेतलाच ठेवा, सबटायटल लावा. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून आवाज कमी करण्यापेक्षा हेडफोन घ्या, कारण खुर्चीची करकर, गवताची सळसळ आणि बर्फातले श्वास, हे सगळं कमी आवाजात पहिल्यांदा हरवतं. फोन दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

कुठून सुरुवात करायची, असं विचाराल तर ‘अंडर द शॅडो’. मग ‘ओनिबाबा’, मग ‘डेथड्रीम’. ‘फायर्स ऑन द प्लेन’ आणि ‘द असेंट’ एकाच आठवड्यात बघू नका, आणि नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर ‘डेथड्रीम’ पुढे ढकला. त्यातल्या आईकडे बघणं तेव्हा झेपणार नाही. ‘झाक्यूझ’ अडीच तासांहून मोठा आहे, तो सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा. आता तुमचे प्रश्न घेतो.