मालिकेतलं रिकामं दप्तर

सोलापुरात आज नळाला पाणी यायचा दिवस असूनही एवढी माणसं ऐकायला आलीत, म्हणजे टाक्या भरायला घरी कुणीतरी राहिलंय. बहुतेक ठिकाणी ते दहावी-अकरावीतलं पोरच असणार. मोटर लावायची, पाइप या टाकीतून त्या टाकीत टाकायचा, वरून ‘भरली, भरली!’ म्हणून ओरडायचं. आता सांगा, टीव्ही मालिकेतल्या पंधरा वर्षांच्या पोराला असं घरचं एखादं काम करताना कधी पाहिलंत? तिथं नळाला चोवीस तास पाणी असतं, हे मान्य.

मालिकेत किशोरवयीनांचा प्रसंग नीट कसा लिहावा, हे सांगायचं मी कबूल केलंय. त्याकडे येतोच. आधी दप्तर.

शाळेतून आलेल्या मुलाचं दप्तर निरखून बघा. एका खांद्यावर, एका बोटानं धरलेलं. सोफ्यावर फेकलं तर आवाज नाही. आत कागदाचे बोळे नाहीतर उशी. खऱ्या दप्तराचा पट्टा खांद्यात रुततो, चेन बिघडल्यामुळे सेफ्टी पिन लावलेली असते आणि तळाशी शेंगाचटणीच्या तेलाचा डाग असतो, तो सहामाहीपर्यंत वह्यांवरही उतरतो.

यात कला विभागाचा आळस नाही, हिशेब आहे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग द्यायचे, म्हणजे रोज जवळजवळ एक भाग हातावेगळा करायचा. तो होतो उभ्या सेटवर: हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. वर्ग दाखवायचा तर शाळेची परवानगी, भाडं, युनिटच्या गाड्या आणि बाकांवर बसवायला तीसेक पोरं. एवढं करून हाती दीड मिनिटाचा सीन. म्हणून शाळा कापली जाते. तिच्यामागोमाग क्लास, सायकल स्टँड, गड्ड्याची जत्रा, सगळंच जातं. पंधराव्या वर्षी माणूस जगतो घराबाहेर, आणि मालिका उंबरा ओलांडत नाही. मग त्याच्या वाट्याला उरतं काय? दारातून आत यायचं, मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं आणि ‘मी रूममध्ये जातेय’ म्हणून जिना चढायचा. मालिकेचा ट्रॅक, म्हणजे चालू कथानक, थंडावला की हेच पोर कामाला येतं. गुपित फोडायला, पळून जायला, नाहीतर खलनायकानं पळवून न्यायला.

तेही लीप, म्हणजे कथेनं एकदम काही वर्षं पुढं मारलेली उडी, आला नाही तर. ‘बालिका वधू’ २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा आनंदी होती अविका गोर. २०१० मध्ये लीप आला आणि आनंदी झाली प्रत्युषा बॅनर्जी. मोठी नायिका कथेलाच हवी होती, हे खरं. पण बहुतेक मालिकांत मिसरूड फुटण्याचं, आवाज घोगरा होण्याचं वय असंच ‘काही वर्षांनंतर’ या पाटीखाली जातं. पाटी स्वस्त पडते.

यात कायद्याचाही भाग आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. चौदाच्या आतलं मूल घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. नियम हवेतच. पण शिफ्ट बारा तासांची. चौदा ओलांडलेली पोरं मिळतात, तर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. मग विशीतल्या मुलीला दोन वेण्या घालून नववीत बसवतात. चेहरा खपतो. चाल खपत नाही. त्या वयाला हातपाय कुठे ठेवावेत तेच कळत नसतं, आणि ही बाई मॉडेलसारखी वळते.

बाहेर वेगळं जमलं होतं. बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ १९८५ मध्ये सुरू झाली, तेव्हा आठवड्याला भाग दोनच. सोळा वर्षांची मिशेल गरोदर राहते. बाप कोण हे लेखकांनी काही महिने झाकून ठेवलं, पण मूल ठेवायचं की नाही हा निर्णय तिच्याच हातात दिला. दोन भागांत दमानं घेता येतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे कबूल केलेला विषय पाच मिनिटांत, चालायचंच.

भराभर सांगतो. पोराच्या हाताला काम द्या, मोबाइल सोडून. गुपित लहान ठेवा: चाचणीचे गुण, क्लासच्या फीतले चाळीस रुपये. त्याला पूर्ण खोटं बोलायला लावू नका. अर्धं खरं सांगून अर्धं गिळणं ही त्या वयाची रीत आहे. ‘चिल मॉम’ खोडा. मोठ्यांचं उपदेशाचं वाक्य लिहा आणि मग तेही खोडा. तीनदा विजेचा आवाज आणि झूम नको.

सेट तोच, हॉल. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातलं, विडी कामगारांच्या वस्तीतलं घर समजा. आई विड्या वळतेय, मांडीवर सूप, नजर पानावर. मुलगा येतो. दप्तर धपकन पडतं, सेफ्टी पिन निसटते, गणिताचा पेपर बाहेर येतो. तो पायानं पेपर दप्तराखाली सारतो. आई दोरा गुंडाळता गुंडाळता, वर न बघता विचारते, ‘डबा खाल्लास का रे?’ तो म्हणतो, ‘हो.’ डबा सकाळपासून ओट्यावरच आहे.

ब्रेक इथं घ्या.