गजबज आणि कुजबूज

नमस्कार श्रोतेहो. आज ऐकता ऐकता तुम्हाला एक काम करायचं आहे. दोन बोटं गळ्यावर ठेवा, घाटीच्या जरा बाजूला, आणि मोठ्यानं म्हणा : गजबज. बोटांना थरथर जाणवली ना? आता बोटं तिथेच राहू द्या आणि शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणा : कुजबूज. थरथर गेली. नुसता श्वास ओठांवरून निसटला.

ती थरथर म्हणजे स्वरतंतूंची हालचाल. बोलताना पुरुषाच्या गळ्यात ते सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा कंप पावतात, बाईच्या गळ्यात २०० वेळांच्या आसपास. कुजबुजताना मात्र ते जवळ येतात, पण हलत नाहीत. मधल्या फटीतून हवा घासून जाते आणि त्या घासण्यालाच तोंड अक्षरांचे आकार देतं. आपल्या जुन्या व्याकरणकारांकडे यासाठी नेमके शब्द होते. कंठात नाद असेल तर वर्ण घोष आणि नुसता श्वास असेल तर अघोष. ग घोष, क अघोष. तोंडात जीभ दोन्ही वेळा एकाच जागी टेकते, फरक पडतो तो गळ्यात.

आता पुन्हा त्या दोन शब्दांकडे या. गजबज आणि कुजबूज. गचा झाला क, म्हणजे पहिल्याच अक्षरातला नाद काढून घेतला. अचा झाला उ, म्हणजे उघडं तोंड मिटत आलं. बाकी सगळं जागच्या जागी. बाजारातला सगळा कल्लोळ एवढ्या दोन बदलांनी कानाजवळ येऊन बसतो! कुजबूज हा शब्द गजबजमधूनच निघाला, असं मी म्हणत नाही. हे नादावरून घडलेले, अनुकरणवाचक शब्द आहेत आणि त्यांना आईबाप शोधत बसण्यात फारसा अर्थ नसतो. पण भाषेचा कान किती तिखट असतो ते या जोडीत दिसतं.

हा साचा मराठीचा फार लाडका आहे. पहिला तुकडा कुठलाही घ्या, दुसऱ्याची सुरुवात बनं करा : गडबड, खळबळ, लगबग, गजबज. ही सगळी अकाराची, उघड्या तोंडाची, चारचौघांत वावरणारी माणसं. त्याच साच्यात उकार भरा : कुजबूज, कुरबूर, चुळबूळ, लुडबूड. लगेच सगळं आक्रसतं. कुरबूर म्हणजे तोंडावर न केलेली तक्रार, चुळबूळ म्हणजे बसल्या जागी दाबून ठेवलेली हालचाल. धुसफूस साच्याबाहेरची, पण तिचाही राग आतल्या आत. नियम म्हणून हे पक्कं नाही. पानांची सळसळ हळुवार असूनही तिच्यात उकार नाही, आणि बुलेटचा फटफटाट अकाराचा असला तरी गुरगुरणारा कुत्रा उकार घेऊनही कुणाला शांत वाटत नाही. तरी कल दिसतो तो दिसतोच.

हळू आवाजाचे आपल्याकडचे सगळे शब्द एका मापाचे नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. गुणगुणणं हळू असतं, पण ती कुजबूज नव्हे. गुणगुणायला सूर लागतो आणि सुराला स्वरतंतूंचा कंप लागतो. कुजबुजत्या आवाजात गाणं म्हणून बघा, शब्द येतील, चाल येणार नाही. पुटपुटणं वेगळं. त्याला दुसरं माणूसच लागत नाही. किल्ली सापडत नाही म्हणून माणूस पुटपुटतो, एकटाच. कुजबुजायला मात्र किमान दोघं हवीत, आणि खरं सांगायचं तर तिसरंही हवं, ज्याच्यापासून लपवायचं आहे ते. घरात बाळ निजलंय म्हणून आपण दबक्या आवाजात बोलतो, त्याला सहसा कुणी कुजबूज म्हणत नाही. पण तेवढ्याच आवाजात सभेच्या मागच्या रांगेत दोन डोकी जवळ आली की वाक्य तयार असतं : ‘मागे काय कुजबूज चालली आहे?’ शब्दात मोजला जातो तो आवाज कमी आणि संशय जास्त. राजकारणाच्या बातम्यांत ‘कुजबूज मोहीम’ येते, ती याच संशयावर चालते.

हा संशय जुना आहे. संस्कृतात ‘कर्णेजप’ असा एक शब्द आहे. जप या धातूचा एक अर्थ हळू आवाजात म्हणणं, ओठांतल्या ओठांत उच्चारणं. देवापुढे तेच केलं की पुण्य. कुणाच्या कानाशी केलं की? कर्णेजप, म्हणजे चहाडखोर. पाणिनीनं या शब्दासाठी सूत्रात जागा ठेवली आहे, आणि अमरकोशात कर्णेजपाच्याच ओळीत पुढे पिशुन, दुर्जन आणि खल येऊन बसले आहेत. बिचारा नुसता हळू बोलत होता!

मराठीनं हा कान सोडला नाही. कानाशी लागणं, कान भरणं, कान फुंकणं. आणि गोष्ट फुटली की ती ‘षट्कर्णी’ झाली. यातला हिशेब अगदी साधा आहे. दोघांचे कान चार, तिसरा आला की सहा. कुजबुजीची क्षमता चार कानांची. कुजबूज षट्कर्णी झाली की तिची गजबज व्हायला वेळ लागत नाही.

एक कामाची गोष्ट मध्येच सांगून टाकते. घसा बसला की आपण आवाजाला विश्रांती म्हणून कुजबुजत बोलायला लागतो. आवाजाचे डॉक्टर बहुधा याला नको म्हणतात, कारण पुष्कळांचा गळा कुजबुजताना उलट आवळला जातो. त्यापेक्षा गप्प बसावं, नाहीतर थोडंसंच, साध्या मऊ आवाजात बोलावं.

राहिला ‘हळू’. याचं मूळ मात्र स्पष्ट सांगता येतं. संस्कृत लघु, त्याचं लघुक. प्राकृतात येताना घचा ह झाला आणि मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या : हलुअ. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ही अदलाबदल नोंदवली आहे. म्हणजे हळू याचा मूळ अर्थ वजनाला कमी. हलका हा त्याच घरातला. चहाडखोराचं ज्याच्यापाशी चालतं, त्या माणसाला आपण हलक्या कानाचा म्हणतो. इकडे हळू बोलणं, तिकडे हलका कान, दोन्ही एकाच लघुची लेकरं.

वजनाला कमी म्हणजे आवाजाला कमी की वेगाला कमी, हे मात्र या शब्दानं आजवर ठरवलेलं नाही. पहिल्यांदा माइकसमोर बसले तेव्हा काचेपलीकडून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी खूण करून सांगितलं, ‘बाई, जरा हळू.’ मी आवाज खाली आणला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी आणखी खाली आणला. तिसऱ्यांदा ते दार उघडून आत आले आणि म्हणाले, ‘अहो, ऐकूच येत नाहीये. सावकाश बोला म्हणतोय मी.’