श्रीमंतांची नीती मोजायची कशी?

मंडळी, श्रीमंत माणूस जास्त लबाड असतो का, असं पुण्यात विचारलं की अर्धं सभागृह आधीच मान डोलावतं. आधार म्हणून बहुतेक वेळा एकच अभ्यास पुढे केला जातो. मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ आणि सहकाऱ्यांचा, २०१२ सालचा, कॅलिफोर्नियातला. त्यातल्या एका प्रयोगात त्यांचा माणूस झेब्रा क्रॉसिंगवर उतरायचा आणि आडोशाला उभा असलेला निरीक्षक गाडी थांबते का ते टिपायचा. गाडीचा रुबाब पाहून तिला १ ते ५ अशी श्रेणी द्यायची. एकूण १५२ गाड्या. सुमारे ३५ टक्के चालक थांबले नाहीत. सर्वांत खालच्या श्रेणीतले सगळे थांबले, वरच्या श्रेणीतले जवळपास निम्मे निघून गेले.

आकडे खणखणीत वाटतात. पण १५२ गाड्या पाच श्रेणींत वाटल्या की सरासरी तीसच हाती लागतात. टोकाच्या श्रेणीत दोन-चार गाड्या इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्केवारी उडी मारते.

हाच प्रयोग गुडलक चौकात करायचा झाला तर? श्रेणी एकाने द्यावी, वागणूक दुसऱ्याने टिपावी आणि दोघांनी एकमेकांचा तक्ता पाहू नये, एवढं सांभाळता येईल. खरी अडचण पुढेच आहे. इथे पादचाऱ्यासाठी जवळपास कुणीच थांबत नाही, मग फरक मोजणार कशात? आणि मोठ्या गाडीच्या स्टिअरिंगवर अनेकदा पगारी ड्रायव्हर असतो. मालक मागे फोनवर. आपण नीती मोजली ती कुणाची?

फासा त्यामानाने सोपा. २०१३ साली प्रसिद्ध झालेली फिशबाखर आणि फोल्मी-ह्यूसी यांची पद्धत अशी: झाकणाला भोक असलेल्या कपात फासा, तो एकट्याने हलवायचा, आकडा आपणच सांगायचा. जितका आकडा तितके पैसे. सहाला मात्र शून्य. खोटं कोण बोललं ते कधीच कळत नाही, पण गटाचं पितळ उघडं पडतं. सगळे खरं बोलले तर ६० जणांत पाच हा आकडा साधारण १० वेळा यावा. १६ किंवा जास्त वेळा आला, तर निव्वळ नशिबावर ढकलणं अवघड. त्यांच्या प्रयोगात ३५ टक्क्यांनी पाच सांगितला, २७ टक्क्यांनी चार. सरळ पाचऐवजी चार सांगणारे मला जास्त रंजक वाटतात. खोटं बोलायचं, पण बेताने!

पुण्यात घोडं अडतं ते बक्षिसाच्या रकमेवर. पन्नास रुपये कोरेगाव पार्कातल्या माणसाला किरकोळ, जनता वसाहतीतल्या मजुराला दुपारचं जेवण. रक्कम सारखी ठेवली तर तुम्ही नीती नव्हे, गरज मोजता. रोजच्या कमाईच्या प्रमाणात ठेवावी, तर त्यासाठी आधी कमाई विचारावी लागते आणि तिथेच पहिलं खोटं ऐकायला मिळतं.

नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाने, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, नेमका हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला. आतले पैसे दिसतील अशी, दुसऱ्याच्या नावाची टपालाची पाकिटं ‘चुकून’ लोकांच्या घरी टाकली. श्रीमंत घरांनी ती कितीतरी जास्त परत केली. पण आर्थिक ओढाताण हिशेबात धरल्यावर गरीब अधिक स्वार्थी आहेत असं काही उरलं नाही. आपल्याकडे हे सोसायटीत करून बघा. पाकीट गेटवरच्या वॉचमनच्या हातात पडणार आणि तुम्ही मोजणार वॉचमनला.

ड्रायव्हर, वॉचमन, आणि तिसरा, कराचे कागद सांभाळणारा सीए. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा वाढला की माणूस आणि त्याचं कृत्य यांच्यात इतरांचे हात येतात. म्हणून रस्त्यावर फार शोधू नये, कागद बघावा. स्वित्झर्लंडमधल्या बँकेची फुटलेली माहिती आणि पनामा पेपर्स (परदेशी कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) यांवरून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कचा हिशेब मांडला गेला, २०१९ साली. सरासरी करचुकवेगिरी ३ टक्क्यांच्या आसपास. सर्वांत वरच्या ०.०१ टक्का घरांत सुमारे २५ टक्के. पगारदार कमी चुकवतो, पण तो सज्जन म्हणून नव्हे. त्याचा आकडा मालक परस्पर सरकारला कळवतो, लपवायला जागाच नसते.

आता आपल्या ओळखीचा व्यवहार घ्या. जुना फ्लॅट, ठरलेली किंमत ८० लाख, करारनामा ६० लाखांचा, २० लाख रोख. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान किमतीचा, दर त्याखाली असला की हे बसतं. सात टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर घेणाऱ्याचे १ लाख ४० हजार वाचतात. विकणारा भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर देणार असेल, तर त्याचे अडीच लाख. म्हणजे रोखीचा आग्रह बहुधा विकणाऱ्याचा. गृहकर्जावर घर घेणारा नोकरदार याला तयार होत नाही, कारण बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. २० लाखांची रोकड तो आणणार कुठून? रोकडवाल्याला मात्र तोच फ्लॅट स्वस्तात पडतो. पुढे तो एक कोटीला विकायला निघाला की कागदावर त्याची खरेदी ६० लाखांची. नफा २० ऐवजी ४० लाख दिसणार. मग तोही समोरच्याला विचारतो, ‘रोख किती देणार?’