विंडोज काढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन बाद ठरल्या. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघावी, असं पुष्कळांच्या मनात आहे. जरूर बघा. पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहिलं, तर हार्ड डिस्कला हातही लागत नाही. इन्स्टॉल करायचं असेल, तर मात्र आधी बॅकअप.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले की आपण हुश्श करतो. राहून जातं ते भलतंच. टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. आणि फॉन्ट! कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी लग्नपत्रिका नव्या सिस्टीमवर उघडा. फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसेल. म्हणून फॉन्टच्या फाइलीही सोबत घ्या. वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह आहे का बघा. असेल, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, आधी डाउनलोड करा.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. तिचं फॉरमॅट फॅट32 असेल तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ती घेणार नाही, मग मुंजीचा व्हिडिओ मागेच राहायचा. एक्सफॅट बरं. विंडोज जशीच्या तशी परत हवी असेल, तर क्लोनझिला या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती त्याच मशीनमध्ये ठेवून काय उपयोग?

कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. नावं दिसली म्हणजे झालं असं नाही. दोन-चार फोटो, एखादी एक्सेल शीट, तो व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’, म्हणजे ‘पूर्ण डिस्क पुसा’, निवडलं की पडद्यावर डिस्कची एसडीए, एसडीबी अशी नावं येतात. त्यातली आपली कुठली, हे घाईत कळत नाही. नवी सिस्टीम एक-दोनदा नीट सुरू झाली, की मगच बॅकअपची केबल पुन्हा जोडा. नमस्कार.